प्लँट बंद करून बघा, पण मे आणि जुलैचं पाणी तपासल्याशिवाय पत्र देऊ नका

प्रश्न थोडक्यात असा आहे. सातारा जिल्ह्यात राज्य महामार्गालगत एक पेट्रोलपंप आहे आणि त्यापासून साधारण ६५ मीटरवर वस्तीची विहीर. मागच्याच्या मागच्या उन्हाळ्यात विहिरीच्या पाण्याला पेट्रोलचा वास यायला लागला. पंपाची जमिनीखालची एक टाकी गळकी निघाली, ती बदलली. तेल कंपनीच्या सल्लागाराने पाच बोअर घेतल्या, त्यातल्या दोनमधून पाणी उपसून ते कार्बनच्या टाक्यांमधून गाळून सोडायला सुरुवात केली; हाच तो प्लँट. आता ऑगस्ट, नोव्हेंबर आणि फेब्रुवारी अशा लागोपाठ तीन अहवालांत बेंझीनसमोर (पेट्रोलमधला पाण्यात विरघळणारा घातक घटक) ‘बीडीएल’ लिहून आलंय, म्हणजे यंत्राला सापडण्याइतकं नाही. कंपनीचं म्हणणं, काम झालं, प्लँट काढून नेतो, वस्तीने हरकत नसल्याचं पत्र द्यावं. तुम्ही अहवाल जोडून विचारलंय की सही करावी का, आणि पाणी प्यायला लागावं का.

माझं उत्तर आधी सांगतो, कारणं नंतर. पत्र आत्ता देऊ नका आणि पाणी आत्ता पिऊ नका. प्लँट बंद करायला मात्र माझा विरोध नाही; उलट तो एप्रिलमध्ये बंद करून बघावाच. फक्त बंद करणं वेगळं आणि उचलून नेणं वेगळं. पंप, पाइप आणि कार्बनच्या टाक्या जागेवर राहू द्यायच्या, आणि उपसा थांबल्यावर जमीन काय करते ते एक पूर्ण जलवर्ष, म्हणजे एक पावसाळा आणि त्यानंतरचा उन्हाळा, बघायचं.

तुम्ही विचारताय ते पाण्याबद्दल. पाणी आज या बोअरमध्ये आहे, महिन्याभराने पुढे गेलेलं असेल. खरा प्रश्न कातळात अडकून बसलेल्या पेट्रोलचा आहे. ते शिल्लक असेल तर येणारं प्रत्येक नवं पाणी त्यातून थोडं थोडं बेंझीन घेऊन जाणार, वर्षानुवर्षं. देखरेख करायची ती हा साठा संपत आलाय का हे ओळखण्यासाठी. तीन कागदांवर ‘बीडीएल’ आल्याने त्याचं उत्तर मिळत नाही.

तुमच्या अहवालातली बोअरची नोंद बघा. वर दीड मीटर भराव आणि काळी माती, मग सात मीटरपर्यंत मुरूम, त्याखाली अकरापर्यंत मांजऱ्या (मऊ, सच्छिद्र खडक), मग काळा कातळ, आणि तेरा-चौदा मीटरवर भेग, तिथे पाणी लागलंय. राज्याचा चार-पंचमांशाहून जास्त भाग दख्खनच्या या बेसाल्टवर आहे, त्यामुळे ही रचना ओळखीची आहे. आता त्याच अहवालातली पाण्याची पातळी बघा: मे महिन्यात जमिनीखाली १३.५ मीटर, ऑक्टोबरमध्ये ४.५. म्हणजे पाणी दर वर्षी नऊ मीटर चढतं आणि उतरतं.

टाकी गळली ती उन्हाळ्यात. पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं, घनता ०.७२ ते ०.७७ च्या आसपास, त्यामुळे ते खाली झिरपत गेलं आणि पाणी भेटलं तिथे, म्हणजे तेरा मीटरच्या जवळपास, तरंगत पसरलं. मग पाऊस झाला, पाणी चढलं आणि पेट्रोलला बरोबर घेऊन वर आलं. पण सगळं पेट्रोल पाण्याबरोबर वर येत नाही. तेलकट भांड्यात पाणी वरखाली झालं की कडेला वळ उमटत जातात, तसं या नऊ मीटरच्या पट्ट्यात मुरमाच्या छिद्रांत आणि कातळाच्या भेगांत पेट्रोलचे बारीक थेंब अडकून राहतात. पावसाळ्यानंतर त्यातले बरेचसे पाण्याखाली बुडतात. तिथून ते उपसून निघत नाहीत आणि वाफ होऊनही जात नाहीत. तेव्हा बोअरमध्ये इंटरफेस प्रोब (पाणी आणि त्यावरचं पेट्रोल यांची पातळी मोजणारं साधन) सोडला तर तरंगतं पेट्रोल शून्य दाखवतं. तुमच्या नोव्हेंबरच्या अहवालात ‘तरंगतं इंधन आढळलं नाही’ असं लिहिलंय. ते खोटं नाही, पण नोव्हेंबरात ते आढळण्याची शक्यताच कमी होती.

म्हणून माझा पहिला मुद्दा ऋतूचा. तीन अहवाल आहेत, पण त्यात मे नाही आणि जुलैही नाही. आपल्याकडे हेच दोन महिने सगळ्यात जास्त सांगतात. मे अखेर पाणी तळाला गेलेलं असतं. बुडालेले थेंब उघडे पडतात, भेगांमधून निथळतात आणि बोअरमध्ये पुन्हा पेट्रोलचा पातळ थर दिसू शकतो. जूनअखेर-जुलैत उलट घडतं: नवं पाणी वाळलेल्या, वळ पडलेल्या पट्ट्यातून चढतं आणि पहिल्या झटक्यात बरंच बेंझीन विरघळवून घेतं. साठा वरच्या मुरमात जास्त असेल तर जुलैचा आकडा उसळतो, खालच्या भेगेत असेल तर मेचा. तुमच्या जागेवर यातलं काय आहे ते आज कोणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही, म्हणूनच दोन्ही बघायचे. ऑगस्ट आणि नोव्हेंबर भरल्या पाण्याचे महिने, विरळ झालेला आकडा दाखवणारे. फेब्रुवारी मधला. आपली भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणासुद्धा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते ती पावसाळ्याआधीची आणि नंतरची स्थिती कळावी म्हणून. तीन महिन्यांनी एकदा नमुना हा कार्यालयाच्या सोयीचा हिशेब झाला. तो पाण्याच्या चढउताराशी जुळवून घ्यावा लागतो.

कोणीही बेंझीनचा आलेख दाखवला की मी त्याच कागदावर पाण्याची पातळी मागतो. दोन्ही रेषा एकाखाली एक ठेवल्या की फार गोष्टी न बोलता कळतात. पातळी चढली की बेंझीन उतरतं आणि पातळी उतरली की चढतं, असं दोन वर्षं दिसत असेल तर तिथे सफाई झालेली नाही, फक्त पाणी मिसळून विरळ होतंय. दोन मे महिन्यांची तुलना केली आणि दुसरा मे पहिल्यापेक्षा स्पष्टपणे खाली असेल, तर मात्र प्रगती खरी.

दुसरा मुद्दा चालू प्लँटचा. तीनही वेळा नमुना घेतला तेव्हा उपसा सुरू होता. पंप चालू असताना बोअरकडे चारी बाजूंनी पाणी ओढलं जातं, त्यात स्वच्छ भागातलं पाणीही असतं. शिवाय पाणी मोठ्या भेगांमधून वेगाने धावतं, आणि बारीक भेगांत व दगडाच्या छिद्रांत शिरलेलं बेंझीन सावकाश, मुंगीच्या पावलांनी बाहेर येतं. उपसा असेपर्यंत धावणारं पाणी त्याला विरळ करत राहतं. उपसा थांबला की बाहेर आलेलं बेंझीन साचायला वेळ मिळतो आणि आकडा पुन्हा वर जातो. याला आम्ही रिबाउंड म्हणतो. पाणी उपसून शुद्ध करण्याच्या जवळपास प्रत्येक कामात तो कमी-जास्त दिसतो, तेव्हा दिसला म्हणून कोणाची लबाडी समजू नका. पण तो किती होतो हे बंद प्लँटवरच कळतं. चालू प्लँटच्या आकड्यावर बंद करण्याची परवानगी मागणं तर्काला धरून नाही.

आता हिशेब करू. तो मुद्दाम अहवालातल्या आकड्यांवरून करतोय, कारण बैठकीत तुम्हाला तो स्वतः मांडता आला पाहिजे. अहवाल सांगतो की साठ्याच्या तुटीवरून गळती अंदाजे २,५०० लिटर. सुरुवातीला बोअरमधून तरंगतं पेट्रोल काढलं ते ६०० लिटर. राहिलं १,९०० लिटर, म्हणजे वजनाने १,४०० किलोच्या आसपास. प्लँट रोज १५ हजार लिटर पाणी उपसतो. पहिल्या महिन्यात प्लँटमध्ये येणाऱ्या पाण्यात बेंझीन, टोल्युईन, इथाइलबेंझीन आणि झायलीन मिळून, ज्याला एकत्र बीटेक्स म्हणतात, लिटरला ६ मिलिग्रॅम होते. १५ हजार लिटरला ६ मिलिग्रॅम म्हणजे दिवसाला ९० ग्रॅम. तोच दर वर्षभर टिकला असता तरी ३३ किलो निघाले असते. प्रत्यक्षात आवक घसरत आता ०.४ मिलिग्रॅमवर आली आहे, म्हणजे दिवसाला ६ ग्रॅम. या दराने आणखी एक वर्ष प्लँट चालवला तर सव्वादोन किलो निघतील, साधारण तीन लिटर पेट्रोलच्या वजनाइतके.

हा हिशेब फक्त बीटेक्सचा आहे. पेट्रोलमध्ये बाकीची हायड्रोकार्बनंही भरपूर असतात, त्यातलं काही हवेत उडून गेलं असेल आणि बराच भाग जमिनीतल्या जिवाणूंनी खाल्ला असेल. तेव्हा १,४०० किलो अजून तसेच पडून आहेत असं मी म्हणत नाही. मात्र एवढं नक्की म्हणतो की ते प्लँटने काढलेले नाहीत. प्लँटचं मोठं काम होतं दूषित पाणी विहिरीकडे जाऊ न देण्याचं, आणि ते त्याने बहुधा चांगलं केलं. म्हणूनच हाच प्लँट वर्षानुवर्षं चालवा अशी मागणीही करू नका. दिवसाला सहा ग्रॅमसाठी वीज आणि कार्बन जाळण्यात अर्थ नाही. साठा शिल्लक निघाला तर वेगळा उपाय मागा: भेगांमधली वाफ ओढून घेणं, किंवा पाणी आणि वाफ एकत्र ओढणं, आणि तेही पाणी तळाला असताना, एप्रिल-मेमध्ये, कारण तेव्हाच वळ पडलेला पट्टा हवेला उघडा असतो.

नमुन्यांबद्दल जरा लांबण लावतो, कारण माझ्या अनुभवात निम्मे वाद इथेच असतात. ‘बीडीएल’ हा शब्द एकटा निरर्थक आहे. कोणत्या मर्यादेखाली, ते शेजारी लिहिलेलं हवं. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यातल्या बेंझीनसाठीची मार्गदर्शक मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम, म्हणजे ०.०१ मिलिग्रॅम आहे. अमेरिकेत ती ५ मायक्रोग्रॅम. तुमच्या ऑगस्टच्या अहवालात शोधमर्यादा लिहिलेलीच नाही. फेब्रुवारीच्या अहवालात तळटीपेत ०.०५ मिलिग्रॅम आहे. म्हणजे पाण्यात लिटरला ४० मायक्रोग्रॅम बेंझीन, मर्यादेच्या चौपट, असतं तरी कागदावर ‘बीडीएल’च आलं असतं. पहिली मागणी हीच करा: एक मायक्रोग्रॅम किंवा त्याखाली शोधमर्यादा असलेली चाचणी, पर्ज अँड ट्रॅप जोडलेल्या जीसी-एमएसवर (पाण्यातली उडून जाणारी रसायनं वेगळी करून मोजणारं यंत्र), आणि प्रयोगशाळेच्या एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यतेच्या यादीत पाण्यातलं बेंझीन या पातळीला आहे का ते तपासून.

अहवालात खाली ‘तेल ०.५ पेक्षा कमी, आयएस १०५०० नुसार योग्य’ अशीही ओळ आहे. पिण्याच्या पाण्याच्या त्या भारतीय मानकात खनिज तेलाची मर्यादा लिटरला ०.५ मिलिग्रॅम आहे हे बरोबर. पण ०.५ मिलिग्रॅम म्हणजे ५०० मायक्रोग्रॅम, बेंझीनच्या मर्यादेच्या पन्नास पट. वर, तेलाच्या नेहमीच्या चाचणीत द्रावक उडवून टाकतात तेव्हा बेंझीनही उडून जातं. पेट्रोलच्या गळतीत या ओळीवर विसंबू नका.

नमुना कसा घेतात हे उभं राहून बघा. ४० मिलिलिटरची लहान काचेची बाटली असते, झाकणाला आतून टेफ्लॉनचा पडदा, आत आधीच आम्लाचे थेंब टाकलेले. पाणी बाटलीच्या काठाने हळू सोडतात, फेस येऊ न देता, इतकं की तोंडावर पाण्याचा फुगवटा उभा राहतो. मग झाकण लावून बाटली उलटी करायची आणि बोटाने टिचकी मारायची. आत बुडबुडा दिसला तर ती बाटली बाद, दुसरी भरायची. बेंझीन त्या बुडबुड्यात निघून जातं म्हणून एवढी काळजी. नंतर बर्फात, चार अंशांच्या आसपास, आणि चौदा दिवसांच्या आत चाचणी. पाण्याच्या प्लॅस्टिक बाटलीत अर्धी-पाऊण भरून, गाडीच्या डिकीत टाकून नेलेला नमुना शुद्धच निघतो, पाणी कसंही असो. नमुन्यांच्या पेटीत प्रयोगशाळेतून भरून आलेली एक न उघडलेली बाटली आणि एका बोअरचा दुहेरी नमुनाही असला पाहिजे. नसेल तर आकडा किती विश्वासाचा ते ठरवता येत नाही.

बोअरमधून पाणी घेण्याआधी आत उभं असलेलं शिळं पाणी बाजूला करावं लागतं. मी स्वतः लहान पंप लावून मिनिटाला अर्ध्या लिटरपेक्षा कमी वेगाने पाणी काढतो, पातळी खाली जात नाही ना ते बघत, आणि सामू, विद्युतवाहकता, विरघळलेला ऑक्सिजन यांचे लागोपाठ तीन आकडे स्थिरावले की बाटल्या भरतो. बेलर (पाणी काढायचं नळीसारखं भांडं) दोरीला बांधून धपकन सोडला, खळबळून वर ओढला, तर गाळही येतो आणि बेंझीनही उडतं. हे आकडे लिहिलेला क्षेत्रनोंदीचा कागद अहवालाला जोडलेला असतो. तुमच्या अहवालांना तो नाही. मागा.

तुमच्या विहिरीची गोष्ट आणखी वेगळी. उघडी, बारा मीटर खोल, मोठ्या व्यासाची विहीर. वरच्या थरातलं बेंझीन उन्हा-वाऱ्याने सतत उडत असतं, त्यामुळे काठावरून बादली सोडून घेतलेलं पाणी नेहमीच बरं दिसणार. विहीर उपसायची, पाणी खाली गेलं की पेट्रोलपंपाच्या बाजूचा झरा जिथून येतो तिथे नमुना घेण्याचं भांडं सोडायचं आणि ताजं पाणी घ्यायचं. हे सगळं काठावरून. विहिरीत माणूस उतरवायचा नाही, गाळ काढायलाही नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि तळाशी साचते; हवेत तिचं प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास गेलं तरी ठिणगीने भडका उडतो, आणि त्याच्या कितीतरी आधी माणूस गुंगून पडू शकतो. वास येत नाही म्हणजे धोका नाही असंही धरू नका, नाक सरावतं. विहिरीवरची मोटर आणि स्टार्टर शक्य असेल तर तोंडापासून लांब बसवून घ्या.

आता पाच बोअर कुठे आहेत ते. नकाशात चार पेट्रोलपंपाच्या आवारात आणि एक रस्त्यापलीकडे, वरच्या अंगाला. पंप आणि तुमची विहीर यांच्यामध्ये एकही नाही. कातळात दहा मीटरवरच्या दोन बोअरपैकी एकीत दोन मिलिग्रॅम आणि दुसरीत काहीच नाही, असं मी अनेकदा पाहिलंय, कारण पाणी भेगेच्या वाटेने जातं आणि ती भेग दुसऱ्या बोअरला लागलेलीच नसते. तेव्हा स्वच्छ निघालेली बोअर आधी सिद्ध करायला हवी की ती दूषित वाटेवर आहे. सोपी खूण म्हणजे सुरुवातीला तिच्यात बेंझीन सापडलं होतं का, आणि शेजारची बोअर उपसली की तिची पातळी हलते का. ज्या बोअरमध्ये पहिल्या दिवसापासून काही नव्हतं तिचा ‘बीडीएल’ प्रगती म्हणून मोजू नका. तुमच्या पाचांपैकी दोन अशा आहेत.

पंप आणि विहीर यांच्यामध्ये, विहिरीपासून वीसेक मीटरवर, एक नवी निरीक्षण बोअर मागा. ती विहिरीची राखणदार. पण बांधणीकडे लक्ष द्या. सहा मीटर केसिंग आणि खाली पन्नास-साठ मीटर उघडी, अशी शेतीच्या बोअरसारखी बोअर नको. ती चार वेगवेगळ्या भेगांचं पाणी एकत्र करते, आकडा विरळ करते, आणि वरचं दूषित पाणी खालच्या चांगल्या भेगेत उतरायला वाट करून देते. तेरा-चौदा मीटरच्या भेगेपुरती जाळी, तिच्यावर बेंटोनाइटने (पाण्यात फुगणारी चिकणमाती) बुजवलेली, एवढीच पुरे. शेजारच्या उसाच्या बोअरचाही विचार करा. ती आठ-आठ तास चालत असेल तर उन्हाळ्यात दूषित पाण्याची दिशाच फिरवू शकते, आणि उतार विहिरीकडे असला तरी पाणी उसाकडे जाईल. तिचा नमुना एकदा तरी घ्याच, त्या शेतकऱ्याचं पाणीही यात आहे.

एक तपासणी अशी आहे जी फारशी महाग नाही आणि जवळपास कोणी मागत नाही. बेंझीन मोजताना त्याच वेळी विरघळलेला ऑक्सिजन, नायट्रेट, विरघळलेलं लोह, सल्फेट आणि मिथेन मोजा. जिवाणू पेट्रोल खातात तेव्हा आधी ऑक्सिजन वापरतात, तो संपला की नायट्रेट, मग मँगनीज आणि लोहाची संयुगं, मग सल्फेट, आणि शेवटी मिथेन तयार होतो. एक मिलिग्रॅम बेंझीन संपवायला तीन मिलिग्रॅमहून थोडा जास्त ऑक्सिजन लागतो, त्यामुळे भूजलातला चार-पाच मिलिग्रॅम ऑक्सिजन चटकन संपतो. फेब्रुवारीच्या अहवालात, कदाचित दुसऱ्याच कारणाने, लोह आणि नायट्रेट मोजलेलं आहे. वरच्या अंगाच्या बोअरमध्ये नायट्रेट ३८ आणि लोह नगण्य. आवारातल्या तिसऱ्या बोअरमध्ये नायट्रेट एकपेक्षा कमी आणि लोह ७ मिलिग्रॅम. शेतीच्या भागात नायट्रेट असं अचानक नाहीसं होत नाही. ते कोणीतरी वापरतंय, म्हणजे जिवाणूंना खायला तिथे अजून काहीतरी आहे. त्या बोअरसमोर ‘बीडीएल’ लिहिलेलं असलं तरी या दोन आकड्यांवर माझा जास्त भरवसा आहे.

पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, हेही ध्यानात घ्या. इथेनॉल पाण्यात सहज मिसळतं आणि जिवाणू आधी तेच खातात, त्यात ऑक्सिजन संपतो, आणि बेंझीनची पाळी उशिरा येते. त्यामुळे जुन्या, इथेनॉल नसलेल्या पेट्रोलवरून बांधलेले अंदाज जपून वापरावे लागतात. सल्लागाराच्या सादरीकरणात कॅलिफोर्नियाचा दाखला आहे. लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेचा १९९५ चा तो अभ्यास महत्त्वाचा आहे. गळक्या टाक्यांपासून निघालेले बेंझीनचे पट्टे बहुतेक ठिकाणी अडीचशे फुटांच्या आत थांबलेले त्यात दिसले. पण तिथल्या बहुतांश जागा वाळू-मातीच्या थरांतल्या, आपल्यासारख्या भेगाळ कातळातल्या नव्हेत. आणि तुमची विहीर ६५ मीटरवर, म्हणजे २१३ फुटांवर. त्या अभ्यासाच्या मापानेही ती आतच येते.

मग बैठकीत काय ठरवावं? मी असतो तर पुढचं लिहून घेतलं असतं. नवी बोअर मार्चअखेर. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सगळ्या बोअर, विहीर आणि उसाची बोअर यांचे नमुने, मग प्लँट बंद. पहिले तीन महिने दर महिन्याला नमुने, म्हणजे मे आणि जूनअखेर आपोआप येतात. त्यानंतर जुलैअखेर, ऑक्टोबर, जानेवारी, आणि पुन्हा मे. पाण्याची पातळी आणि तरंगतं पेट्रोल मात्र दर पंधरा दिवसांनी. त्याला प्रयोगशाळा लागत नाही, गावातला एखादा विज्ञानाचा विद्यार्थीही प्रोब वापरायला शिकतो. राखणदार बोअरमध्ये बेंझीन १० मायक्रोग्रॅमच्या वर गेलं, किंवा कुठल्याही बोअरमध्ये तरंगतं पेट्रोल दिसलं, तर आठवड्याच्या आत प्लँट पुन्हा सुरू. हा आकडा बंद करण्याआधी कागदावर यायला हवा. नंतर ठरवायला बसलं की प्रत्येक बाजू आपल्या सोयीचा आकडा आणते.

कंपनीवाले म्हणतील की आवाराच्या आतल्या बोअरमध्ये १० मायक्रोग्रॅमची अट अवाजवी आहे. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. टाकीच्या खड्ड्याशेजारचं पाणी कोणी पीत नाही, आणि तिथे आकडा थोडा वर असला तरी तो दर वर्षी घसरतोय आणि सीमेपलीकडे जात नाही, हे दिसलं तर निसर्गावर सोडता येतं. मी तिथे घसरणीची अट घालतो: दोन मे महिन्यांमध्ये स्पष्ट घट. विहीर आणि राखणदार बोअर यांच्यासाठी मात्र पिण्याच्या पाण्याची मर्यादा, तडजोड नाही.

कायद्याच्या बाजूने दोन गोष्टी हाताशी ठेवा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने जानेवारी २०२० मध्ये पेट्रोलपंपांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत, आणि जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने प्रदूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले आहेत. त्यामुळे हा विषय फक्त कंपनी आणि वस्ती यांच्यातला ठेवू नका. ग्रामपंचायतीच्या ठरावाची प्रत, तीनही अहवाल आणि वरचे आक्षेप जिल्हाधिकारी कार्यालयाकडे आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाकडे लेखी द्या, पोच घ्या. काम पूर्ण झालं हे ठरवणं मंडळाचं आहे. वस्तीच्या पत्रावर ते ठरू नये, आणि तुमच्यावरही ते ओझं यायला नको.

राहिलं पिण्याचं पाणी. बेंझीन माणसात कर्करोग करतं हे सिद्ध झालेलं आहे, त्यामुळे इथे ‘थोडं चालतं’ असं मी म्हणणार नाही. पाणी उकळू नका. बेंझीन भांड्यातून निघून स्वयंपाकघराच्या हवेत जातं आणि श्वासातून शरीरात येतं. बंद न्हाणीघरात या पाण्याने गरम अंघोळ करण्याचंही तेच, लहान मुलं असतील तर मुळीच नको. घरच्या आरओवर विसंबू नका. कार्बनचा फिल्टर बेंझीन धरतो, पण कधी भरला ते बाहेरून कळत नाही. झाडांना, बांधकामाला पाणी वापरायला हरकत नाही. टँकर किंवा नळजोडणीचा खर्च कंपनीने पुढच्या मेचा निकाल येईपर्यंत चालू ठेवावा, हे त्याच बैठकीत लिहून घ्या; आत्ता तो एप्रिलअखेर संपतोय असं तुमच्याच कागदांत दिसतंय.

आणि एक विनंती. पाचही बोअरच्या पातळीच्या पहिल्या दिवसापासूनच्या नोंदी सल्लागाराकडून तारखांसह मागून इथे टाका. अहवालात फक्त मे आणि ऑक्टोबरचे आकडे आहेत. मधल्या महिन्यांचे मिळाले की नवी बोअर विहिरीच्या नेमक्या कोणत्या बाजूला घ्यावी, ते मला जास्त खात्रीने सांगता येईल.